बाभळीचा दस्ता

जत्रेत फुगे फोडायचं दुकान हा आमचा धंदा. फळीवर फुग्यांच्या रांगा लावायच्या, पुढं टेबलावर दोन बंदुका ठेवायच्या. बंदुका हवेवर चालणाऱ्या. नळी मधून मोडल्यासारखी वाकवायची, छर्रा भरायचा, नळी परत सरळ करायची आणि नेम धरायचा. नवरा गिऱ्हाइकाला बंदूक भरून देतो, मी फुगे फुगवते आणि फळीवर लावते. फळी, खांब, ताडपत्रीची चौकट हे सगळं माझ्या हातचं. करवत आणि हातोडी मला पहिल्यापासून परकी नव्हती.

एका जत्रेत एका दांडग्या गड्यानं हौसेनं स्वतःच बंदूक भरायला घेतली. बंदुकीचा लाकडी दस्ता खांबाला टेकवला आणि नळीवर सगळं अंग टाकलं. काडकन आवाज झाला. नळीला काही झालं नाही, पण घोड्यामागं जिथं दस्ता बारीक होतो तिथं त्याचे दोन तुकडे झाले. तो गडी माझ्याकडं बघत म्हणाला, "वयनी, लाकूडच कच्चं होतं बगा."

नवऱ्यानं चौकशी केली. नुसता दस्ता कुठंच मिळेना, अख्खी बंदूकच घ्या म्हणायचे. पिंगळीजवळच्या आमच्या घरी आलो तेव्हा मी म्हणाले, "मी करते दस्ता."

"तू?" नवरा हसला. "आगं, ती बंदूक हाय. फळी न्हाई."

"लोखंडाला मी हात लावत न्हाई. लाकडाचं तेवढं बघते."

शेजारच्यांच्या गोठ्यात मोडलेल्या बैलगाडीचं बाभळीचं लाकूड पडून होतं. वर्षानुवर्षं वाळलेलं, दगडासारखं कठीण. त्यांनी खुशाल ने म्हटलं. मोडलेले दोन तुकडे मी सुतळीनं एकत्र बांधले, लाकडावर ठेवले आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. करवतीनं कापलं, वाकसानं तासलं, कानशीनं गोल केलं. मग वरच्या अंगाला पेन्सिलीनं रेघ मारून पटाशीनं लांब खाच कोरली, कारण बंदुकीचं सगळं लोखंड त्या खाचेत बसतं आणि तीन स्क्रूंनी आवळलं जातं. बारा दिवस गेले. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले. पण काचकागद मारून जवसाचं तेल चोळलं आणि त्या लाकडाला असा तांबूस रंग चढला की मी दस्ता मांडीवर घेऊन नुसती बघत बसले.

बंदूक जोडली. अंगणात मातीनं भरलेलं पोतं उभं केलं, मागं मातीचा ढीग होताच. पोत्यावर कोळशानं फुली काढली. पहिला छर्रा पोत्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला. दुसरा खाली. तिसरा पोतं सोडून ढिगात.

खाच मी मोठी कोरली होती. पेन्सिलीची रेघ जाड, पटाशी रेघेच्या बाहेरून चाललेली, आणि वरून माझा उत्साह. प्रत्येक बार उडाला की लोखंड आत हलायचं. शिवाय मागच्या स्क्रूचं भोक तिरकं गेलं होतं, त्यामुळं स्क्रू आवळला की नळी एका अंगाला ओढली जायची. मला हे दिसत होतं. पण बारा दिवसांचं काम मोडायचा धीर होईना. म्हणून मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या खाचेत कोंबल्या आणि स्क्रू जोर लावून आवळले. बार जरा बरे जायला लागले. नवरा म्हणाला, "झालं की! चला."

पुढच्या जत्रेत पहिला तासभर सगळं नीट चाललं. मग चिंध्या दबल्या. कॉलेजातल्या दोन मुली आल्या. त्यातल्या एकीनं नीट पाय रोवून, श्वास रोखून पाच बार टाकले. एकही फुगा फुटला नाही. तिनं बंदूक कानाशी धरून हलवली. आत खटखट वाजलं.

"काकू, बंदूकच ढिली आहे," ती म्हणाली. रागानं नाही, सरळ सांगितलं. आजूबाजूची माणसं हसली. नवऱ्यानं तिला दुसरी बंदूक दिली, तिनं पाचाला चार फुगे फोडले. मी खाली बघून फुगे फुगवत राहिले. ती खरं बोलली होती आणि मला ते आधीच ठाऊक होतं, याचीच जास्त लाज वाटली.

पिंगळीच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी दस्ता पिशवीत घालून त्यांच्याकडं गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाचेतून बोट फिरवलं, चिंध्या ओढून काढल्या.

"बेटी, हे बंदुकीचं घर हाय का झूला हाय?"

मी चिंध्या गोळा करून पिशवीत टाकल्या.

"बाहेरून मस्त केलंस. आतून घाई केलीस."

"चाचा, तुमी दुरुस्त करून देता का?"

"न्हाई." त्यांनी दस्ता माझ्या हातात परत दिला. "मी केलं तर तुला कसं कळंल कुठं चुकलीस ते? घरात काजळ हाय?"

"हाय की."

"मग समदं हाय तुझ्याकडं."

त्यांनी नीट समजावून सांगितलं. आधी खाचेच्या दोन्ही बाजूंना त्याच बाभळीच्या पातळ पट्ट्या चिकटवून खाच मुद्दाम अरुंद करायची. मग लोखंडाला काजळाचा अगदी हलका हात द्यायचा, ते खाचेत दाबायचं आणि उचलायचं. लाकूड जिथं काळं होईल तिथं ते लोखंडाला अडतंय. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाबायचं. सगळी खाच सारखी काळी होईपर्यंत सोडायचं नाही. तिरकं भोक खुंटी ठोकून बुजवायचं आणि नव्यानं सरळ पाडायचं.

मी पट्ट्या चिकटवल्या, दोरीनं करकचून बांधून दोन दिवस ठेवल्या. बाभळीचीच खुंटी तासली, गोंद लावून भोकात ठोकली. नवीन भोक पाडताना घाई केली नाही. काटकोन बघायचा गुण्या लावून गिरमिट सरळ उभं आहे का ते दर दोन फेऱ्यांनी बघितलं.

मग काजळ. पहिल्यांदा लोखंड दाबून उचललं तर फक्त दोन ठिपके. ते खरवडले. दुसऱ्यांदा चार. एकदा हात घसरला आणि एका जागी जास्तच निघालं. तिथं पुन्हा लाकडाची कागदासारखी पातळ चोय चिकटवली, पुन्हा एक दिवस थांबले. माझी बोटं काळी, नाक काळं, पदर काळा. नवरा दारातून बघून म्हणाला, "लेकराला घातल्यावानी लाकडाला काजळ घालायलीस की!"

"नजर लागू नये म्हून," मी म्हणाले.

किती वेळा लोखंड आत घातलं आणि बाहेर काढलं ते मोजलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी ते उचललं आणि खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होती. लोखंड पुन्हा आत ठेवलं तर ते आपोआप, हळूच खाली बसलं. मी दस्ता उलटा केला. अजून एकही स्क्रू लावला नव्हता, तरी लोखंड खाली पडलं नाही. मी एकटीच होते घरात, तरी मोठ्यानं "आता बसलं!" म्हणाले.

पोत्यावर पाच छर्रे मारले. पाचही फुलीच्या उजव्या अंगाला, पण एकमेकांना चिकटून. डबीच्या झाकणाखाली मावले असते. ते तर नळीवरच्या, नेम धरायच्या माशीचा स्क्रू फिरवून सरळ करता येतं. दोनदा फिरवला. नंतरचा छर्रा फुलीत.

चारठाण्याच्या बाजूला एका गावात जत्रा होती. सकाळी गर्दी नव्हती तेव्हा एक रिटायर फौजी आले. बंदूक हातात घेतली, तोलली, खांद्याला लावली. दहा छर्रे, दहा फुगे. मग त्यांनी बंदूक उलटी करून खालचं लाकूड बघितलं, स्क्रूजवळ बोट फिरवलं.

"हा दस्ता कंपनीचा नाही."

"न्हाई साहेब," नवरा चटकन म्हणाला. "एका मिस्त्रीनं करून दिला."

मी फुगा फुगवत होते. तोंडातला फुगा सुटला आणि फुर्र करून उडाला. मी पुढं झाले. "मिस्त्रीनं न्हाई. मी केलाय. आधी चुकला होता, मग दुरुस्त केला."

फौजींनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. नखांतलं काजळ अजून गेलं नव्हतं. "बसवणी चांगली आहे," ते म्हणाले. "फार चांगली." आणि आणखी दहा छर्रे मागितले.

ते गेल्यावर नवऱ्यानं दुसरी बंदूक भरून ठेवली. मग म्हणाला, "बाईनं केलाय म्हटलं तर लोकं इस्वास ठिवत न्हाईत, म्हून तसं बोललो."

"ठिवला की त्यांनी."

"ठिवला," तो म्हणाला. त्यानंतर दिवसभर जो येईल त्याला, कुणी विचारो न विचारो, तो सांगत राहिला, "ह्या बंदुकीचा दस्ता आमच्या घरात बनलाय. हिनं बनवलाय." संध्याकाळी मीच त्याला म्हणाले, आता पुरे.

त्याच जत्रेला माझे वडील आले होते. ते मेंढरं राखतात, बंदूक त्यांनी कधी हातात धरली नव्हती. लेकीनं काहीतरी केलंय एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी दस्ता नाकाशी नेला.

"बाभळ."

"गाडीची व्हती."

"लय कठीन लाकूड. कसं कोरलंस?"

"हळूहळू."

मी छर्रा भरून दिला, दस्ता खांद्याला कसा लावायचा ते दाखवलं. त्यांना एक डोळा मिटता येईना. दोन्ही मिटायचे किंवा दोन्ही उघडे राहायचे. शेवटी मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर माझा तळहात धरला. त्यांनी पाच बार टाकले आणि पाचही फळीवर आपटले. फुगे जागच्या जागी डुलत राहिले. वडील एवढे हसले की त्यांना बंदूक टेबलावर ठेवावी लागली.

"बंदूक झकास हाय," ते भोवतालच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "माझ्या पोरीनं केलीय. नेम तेवढा आमचा न्हाई."

मग त्यांनी पागोटं सारखं केलं आणि आणखी पाच छर्रे मागितले.