पोराच्या तोंडावर बूट

सन दोन हजार चोवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. थोरला पोरगा उसाच्या ट्रॉलीखाली गेला त्याला चार सालं झाली होती. चाक डोक्यावरून गेलेलं. तोंड कुणी मला बघू दिलं न्हाई, कापडात बांधूनच जाळला.

त्याची बायको म्हणाली, "आबा, नगरच्या एका संग्रहालयात यंत्र आलंय. फोटो दाखवून नाव लिहिलं की नावाच्याच अक्षरांनी माणसाचा चेहरा उठतो." मी दुसरीतच शाळा सोडलेली, पण पोराचं नाव लिहिता येतं. काचेवर बोटानं मीच लिहिलं.

आणि तो आला. भिंतीवर न्हाई, खाली फरशीवर, उजेडाचा. बारीक अक्षरांच्या मिशा, ठळक अक्षरांच्या भुवया. मी वाकून बघतोय तेवढ्यात तिशीतला एक गडी हसत आला आणि बुटासकट त्याच्या तोंडावर उभा राहिला. डोळा फुटला, गाल फाटला, अक्षरं चौफेर उडाली.

मी काठी घातली. पहिली खांद्यावर, दुसरी तोंडावर. ओठ फाटून रक्त सांडलं. तो पडला तरी मी थांबलो न्हाई. दोघा पहारेकऱ्यांनी हात पिरगळला तेव्हा काठी सुटली.

"अहो म्हातारबा, खेळच हाय तो! पाय काढला की अक्षरं परत जुळत्यात," एक पहारेकरी ओरडला. "देवळाच्या पायरीवर लोक नाव कोरतात, त्यावर न्हाई का पाय पडत?"

"ते लोक स्वतःच पायधूळ मागून घेतात. माझ्या पोरानं कुठं मागितलं? एकदा चिरडलाय तो!"

संग्रहालयाचा साहेब आला. म्हणाला, चेहरा यंत्रात साठलाय, इतरांच्या चेहऱ्यांसोबत रोज फरशीवर येत राहील.

"पुसून टाका."

"आधी ज्याला मारलंत त्याची माफी मागा. तो म्हणाला तर पुसतो."

"भावकीत डोकी फुटली तवा मागितली न्हाई, आता मागू?"

"मग राहू द्या."

सून त्या गड्याच्या पाया पडली म्हणून पोलीस आले न्हाईत. त्याचा पत्ताही तिनं विचारून घेतला. एस.टी.त एवढंच बोलली, "उद्या दार उघडलं की पुन्हा बूट पडतील, आबा."

चुकलो असं मला आजही वाटत न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी, संग्रहालय उघडायच्या आत, मी त्या गड्याच्या दारात गेलो आणि डोक्यावरची टोपी काढून त्याच्या पायावर ठेवली.