मार्डुककडे मागितलेलं

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. शरयू देशकर हातमोजे चढवून काचेच्या टबावर वाकली आणि तशीच थांबली. काल संध्याकाळी ओतलेलं पाणी नितळ होतं. आता ते तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं.

टबात जाळीवर बॅबिलनच्या नेबुकॅडनेझर राजाचा लेख होता. वीतभर लांबीचा, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता मातीचा ठोकळा. घरी ती त्याला मृदंगच म्हणायची. जेरुसलेम पाडणाऱ्या आणि बॅबिलनच्या भिंती उभारणाऱ्या या राजाने एक देऊळ नव्याने बांधलं आणि लेख भिंतीत चिणून ठेवला. पुढे कुणी राजा खणेल तेव्हा हे कुणी बांधलं ते त्याला कळावं म्हणून. अडीच हजार वर्षांनी तो मिनियापोलिसच्या एका लहान संग्रहालयात होता, आणि मातीतला क्षार वर येऊन अक्षरं पोपड्यांसारखी सुटत होती. उपाय ठरलेला: शुद्ध पाण्यात बुडवायचं, रोज पाणी बदलायचं. मात्र माती भाजलेली हवी. कच्च्या मातीचा चिखल होतो.

भाजलेली आहे, हे शरयूनेच ठरवलं होतं. काल तिने कडेला पाण्याचा थेंब ठेवला. थेंब मण्यासारखा उभा राहिला, खालची माती मऊ पडली नाही. पक्की आहे, असं तिने सांगितलं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख लिंडाने ते मान्य केलं.

आता तोच थेंब तिच्या डोळ्यांपुढे आला. नागपूरला दर उन्हाळ्यात आई नवा माठ आणायची, त्यावर ओला हात फिरवायची, आणि माठ ते पाणी बघता बघता पिऊन टाकायचा. भाजलेली माती पाणी पिते. कालचा थेंब मातीवर नव्हताच. कुणीतरी पूर्वी वरून लाखेचा पातळ थर दिला होता; आतली माती कच्चीच होती. पाणी आत शिरलं ते बारीकशा भेगेतून.

लिंडा कोट न काढताच टबापाशी आली. जाळीच्या कडा धरून उचलूया, म्हणाली.

"नको. उचललं तर मधोमध दुभंगेल. आत्ता पाण्यानेच त्याला धरलंय."

शरयूने बारीक नळी टबात सोडली आणि पाणी थेंबाथेंबाने खाली बादलीत उतरू दिलं. घाई केली तर माती घसरणार, उशीर केला तर विरघळणार. मधेच फोन वाजला. ईडन प्रेरी उपनगरातल्या ऑफिसातून तिचा नवरा गिरीश विचारत होता, मृदंग काय म्हणतो.

"विरघळतोय."

"मग फोन कशाला उचललास? ठेव."

बगदादचं संग्रहालय लुटलं गेल्याची बातमी येऊन तीन-चार दिवसच झाले होते. २००३चा तो एप्रिल. लिंडा नळीकडे बघत म्हणाली, "तिकडे लुटारू लागले. आपण नुसत्या स्वच्छ पाण्याने करून दाखवलं."

"आपण नाही," शरयू म्हणाली. "मी."

पाणी ठोकळ्याच्या पोटाखाली गेलं तेव्हा डावं टोक हललं. टोकाचा एक तुकडा सावकाश सुटला, जाळीवर बसला आणि त्याचा आकार गेला. बाकीचं राहिलं.

विद्यापीठातल्या अभ्यासकाने फोटोवरून केलेला अनुवाद भिंतीवर होता. शरयूने ओळी ताडून पाहिल्या. राजाचं नाव शाबूत होतं. तसंही ते सहजी पुसलं जाणारं नव्हतं. त्याने ते इतक्या विटांवर ठसवून घेतलंय की कितीतरी देशांच्या संग्रहालयांत त्या विटा आहेत. गेलं ते शेवटचं मागणं. हे काम टिकू दे, असं त्याने मार्डुक देवाला सांगितलं होतं. आता ते फक्त फोटोत होतं.

दुपारी लिंडा म्हणाली, विश्वस्तांना मी कळवते. लाखेची नोंद कुठेच नव्हती, हे त्यांना पुरेल.

शरयूची नोकरी त्या एका वाक्यावर तरली असती. तिने हातमोजे काढले.

"थेंबाचंही कळवा. तो उभा राहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं."

लिंडा म्हणाली, "कळवते. त्यांनी तुला काढलं तर काढलं. तोवर हा ओला गोळा वाळवणार कोण? मी तर काल नुसती मान हलवली होती."

शरयूने ठोकळ्यावर ओलसर कागद पांघरला, म्हणजे वरचा भाग आधी वाळून तडकणार नाही. टबासकट वजन घेतलं, आकडा पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून टबावर चिकटवला. उद्या सकाळी सातला टब पुन्हा काट्यावर जाईल, आणि वजन आजच्यापेक्षा थोडंसंच कमी भरलं पाहिजे.