कागदावरचे एक्कावन्न

फ्री थ्रो मिळाला की चाचा आधी वाकून बुटांचे तळ हाताने पुसत, मग बॉल घेत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "हलू नका, जातोय." बहुतेक वेळा जायचाच. नाही गेला तर म्हणत, "वारा होता." शारजाच्या त्या हॉलला एकही खिडकी नव्हती.

ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. आमच्या कंपनीच्या गोडाऊनचे फोरमन. खोर फक्कान बंदरातून आलेले कंटेनर उतरवून घेणं त्यांच्याकडे. मी ऑफिसात ॲडमिन, आणि याद्या करायची सवय म्हणून बास्केटबॉल टीमची मॅनेजरही. मी कागद घेऊन आले की ते ओरडत, "यल्ला, सरळ उभे राहा रे, बाय मोजणार!"

कंपन्यांच्या त्या लीगचा नियम सांगायला हवा. प्रत्येक खेळाडूला खेळ बघून एक ते पाच गुण, आणि टीमची बेरीज तिसाच्या वर जायची नाही. एकाच कंपनीने सगळे तगडे गडी गोळा करू नयेत म्हणून. पन्नाशी ओलांडलेल्याचे गुण मात्र शून्य धरत. बाहेरचा एक खेळाडू चालायचा.

२००८ संपता संपता कंपन्या बंद पडू लागल्या आणि चांगले खेळाडू मोकळे झाले. त्यातला एक साडेसहा फुटी फिलिपिनो ड्राफ्ट्समन आम्हाला हवा होता. त्याचे चार गुण, आणि आमची बेरीज आधीच तीस. मी यादी तीनदा तपासली. चाचांचे चार गुण. पासपोर्टप्रमाणे वय, नुकतंच, एक्कावन्न.

खरं वय सेहेचाळीस. माझ्याहून एका वर्षाने लहान. चहा पिताना त्यांनीच सांगितलं होतं, सतराव्या वर्षी एजंटने पासपोर्टवर पाच वर्षं चढवली. एवढ्या पोराला व्हिसा कोण देणार?

"चाचा, फॉर्मवर एक्कावन्न लिहू?"

"लिहा की, बाय. ती पाच वर्षं दुसऱ्यांदा कामाला येतायत."

उंच गडी आला. आम्ही सेमीफायनल जिंकलो.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणसं कमी करायची होती. "पन्नाशीवरचे आधी. यादी असेलच तुमच्याकडे." यादी होतीच, वयाच्या क्रमाने. साहेबांचं बोट चाचांच्या नावावर थांबलं.

"हा पन्नाशीचा दिसत नाही हो. नक्की?"

"सर, पासपोर्टला तसंच आहे," मी म्हणाले.

चाचांना सांगायचं कामही माझंच. त्यांची मुलगी शारजातल्याच शाळेत दहावीला होती, परीक्षा तोंडावर; नोकरी गेली की घरच्यांचाही व्हिसा जाणार. त्यांनी विचारलं, "बाय, साहेबांना खरं वय सांगू काय? पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी ठेवतील."

"नको," मी म्हणाले. "पासपोर्टचा घोटाळा होईल, तुम्हीच अडकाल."

"तुम्ही म्हणता तर नको."

अडकले असते का, मला आजही माहीत नाही. मी चौकशीच केली नव्हती. मला एवढंच माहीत होतं की खरं वय बाहेर आलं तर आमचा फॉर्म खोटा ठरेल, उंच गडी जाईल आणि फायनलही. खाली सही माझी होती. त्यांच्या काळजीचं नाव पुढे करून मी स्वतःला वाचवलं, आणि ते ती काळजी समजून बसले. जाताना खजुराचा डबा दिला मला.

फायनल आम्ही जिंकलो. पुढच्या सीझनला टीमच उरली नाही. उंच गडीही मनिलाला परत गेला.

मुलीची परीक्षा बुडाली होती. तिने गावच्या शाळेतून पुढच्या वर्षी दहावी दिली, हे मला चाचांच्या फोनवरून कळलं. पास झाली म्हणून मुद्दाम फोन केला होता त्यांनी.

"आणि तुम्ही कसे आहात?" मी विचारलं.

"मजेत. गावात विचारतात, एवढ्या लवकर दुबई का सोडलीस? मी सांगतो, वय झालं." आणि मोठ्याने हसले.

मीही हसले. मग मुलीला पुढे काय शिकवणार ते विचारलं, अकरावीच्या प्रवेशाला कोणकोणती कागदपत्रं लागतील ती एकेक करून सांगितली. ते पलीकडे मन लावून लिहून घेत होते. "थांबा हां, बाय," ते म्हणाले, "जन्मतारखेच्या दाखल्यापर्यंत आलो."