कार्डाची परीक्षा

मला एखादी वस्तू घ्यावीशी वाटली की तिची किंमत वाढते. हा माझ्या आयुष्याचा नियम आहे आणि तो अजून एकदाही चुकलेला नाही. दोन हजार सालानंतर इंग्लंडात ब्रॅकनेलला आम्ही नवरा-बायको घर बघत होतो, तेव्हा तेच. ऑफर द्यावी की नको यावर आम्ही आठवडाभर काथ्याकूट करायचो, तोवर घरांच्या एजंटच्या दुकानाच्या काचेतला आकडा बदललेला असायचा. पण घराचं दुःख सगळ्यांचंच होतं. ऑफिसात कॉफी मशीनपाशी सगळे त्याच नावानं बोंबलत. कार्डाचं दुःख मात्र माझं एकट्याचं होतं.

कार्ड म्हणजे बास्केटबॉलचं. पुण्यात कॉलेजच्या टीमकडून मी खेळायचो, आणि एका अमेरिकन खेळाडूचा पेपरातला फोटो माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला होता. त्याच्या पहिल्या सीझनला छापलेलं कार्ड, ज्याला रूकी कार्ड म्हणतात, ते मला हवं होतं. नुसतं नाही, ग्रेड केलेलं. अमेरिकेत कंपन्या असतात. त्यांच्याकडे कार्ड पाठवायचं. ते भिंगाखाली कोपरे, कडा, छपाई बघतात, दहापैकी मार्क देतात आणि कार्ड जाड प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून परत धाडतात. मला नऊ मार्कांचं हवं होतं. दहाचं आपल्याला झेपणारं नव्हतं, तेवढी अक्कल होती.

इंटरनेटवर पहिल्यांदा नऊचं दिसलं तेव्हा बायको म्हणाली, "पगार होऊ दे." पगार झाला तेव्हा किंमत पगाराच्या पुढे गेलेली. मग म्हटलं बोनस येऊ दे. बोनस आला, किंमत आणखी वर. अरे, काय चाललंय काय? पुठ्ठ्याचा तुकडा तो! घरावर निदान छप्पर तरी असतं. मी चिडून दोन महिने बघायचंच सोडलं, आणि परत बघितलं तर आठ मार्कांचं कार्ड नऊच्या जुन्या किमतीला विकलं जात होतं.

आणि मग ते मला मिळालं. एका रविवारी शेतात भरणाऱ्या कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनंपानं विकतात त्या बाजारात, एक म्हातारा बिस्किटांच्या डब्यात फुटबॉलची जुनी कार्डं घेऊन बसला होता, आणि त्यांच्या खाली हे. चाळीस पौंड. मी घासाघीससुद्धा केली नाही. क्रॉयडनला एका हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरायचा, तिथल्या एका विक्रेत्याला नेऊन दाखवलं. त्यानं दहा मिनिटं भिंग लावलं आणि म्हणाला, "अस्सल आहे, मित्रा. नऊ नक्की. ताबडतोब पाठव." ट्राममध्ये बसल्यावर मी ते चारदा बाहेर काढून बघितलं.

तेव्हा आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. दिवसभर घरात एकटी, बाहेर थंडी, बोलायला कोणी नाही. संध्याकाळी मी आलो की माझ्या मागे मागे असायची. मी टेबलावर कार्ड ठेवून फॉर्म भरत बसलो, तर येऊन वाकून बघायला लागली.

"हा तर आपल्या कपाटावरचा!"

"हो. कोपऱ्यांना हात नको लावूस हं, कोपरा दबला की मार्क जातात."

"कसले मार्क?"

मी सगळं समजावलं. अमेरिका, भिंग, दहापैकी मार्क.

"म्हणजे परीक्षाच की रे."

"परीक्षाच," मी म्हणालो. इथेच माझं चुकलं.

पुढच्या रविवारी सगळी तयारी करून मी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं. सोमवारी पोस्टात द्यायचं होतं. दूध आणायला गेलो, वीस मिनिटांत परत आलो. टेबलावर पाकीट होतं, रिकामं. स्वयंपाकघरातल्या शेल्फवर आईनं आपले देव मांडले होते, तिथे उदबत्ती लावलेली, आणि अन्नपूर्णेपुढे माझं कार्ड. खेळाडूच्या कपाळावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा. वर अक्षता. माझ्या दहावीच्या हॉल तिकिटाला तिनं हेच केलं होतं, बारावीच्याही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, काय केलंस हे! कोणी सांगितलं होतं तुला? वाट लावलीस ना! यापुढे माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. कुठल्याही! कळलं?"

"अरे, पुरे आता," बायको आतून धावत आली.

आई काही रडली वगैरे नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाली, "कोपऱ्यांना नाही धरलं रे मी. कडेनं धरलं."

मी कापूस घेऊन टिळा पुसायला बसलो. शहाणा ना मी! कुंकू पसरलं, आख्खा चेहरा गुलाबी झाला आणि वरची चकाकी गेली. त्यातली निम्मी वाट मीच लावली, पण हे मी त्या दिवशी कबूल केलं नाही. सोमवारी हट्टानं ते तसंच पाठवून दिलं.

मग घरात एक नवीनच चालू झालं. "हा कप घेऊ का?" "टीव्ही लावू का?" "तुझा शर्ट वाळत घालू का?" सुरुवातीला मला वाटलं, टोमणे मारतेय. नव्हते ते टोमणे. ती खरंच विचारत होती, आणि हो म्हणेपर्यंत हात पुढे करत नव्हती. मी आणखी चिडायचो. "आई, विचारतेस काय सारखं? घे ना!" ती घ्यायची, आणि पुढच्या वेळी परत विचारायची. तिकडे नऊच्या कार्डाची किंमत दर आठवड्याला वर जातच होती. मी रोज बघायचो आणि रोज दात-ओठ खायचो.

आईच्या परतीच्या विमानाला चार दिवस असताना पार्सल आलं. फोडलं. दहापैकी दोन. गुलाबी चेहऱ्याचा माझा खेळाडू जाड प्लास्टिकमध्ये बसला होता. आई पोळ्या करत होती. हात पुसत दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"पास झालं का रे?"

दोन म्हणायला माझं तोंड उघडेना. "झालं," मी म्हणालो. "ये, बघ ना."

ती जवळ आली. मी कार्ड पुढे केलं. आता त्याला काही होणार नव्हतं. कोपरे नाहीत, कडा नाहीत, हातोडा मारला तरी चाललं असतं. "घे गं हातात," मी म्हणालो. "घे ना."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको," ती म्हणाली. "तूच धर. मी बघते लांबून."