दार उघडणारी बायको

मिशा चिकटवायच्या गोंदाचा वास आला की नव्वदच्या आसपासची, खांदा कॉलनीतली तालीम आठवते. आम्ही बसवत होतो त्या जुन्या नाटकात परदेशी गेलेला नवरा बऱ्याच वर्षांनी परततो आणि बायको दार उघडून नुसती गप्प उभी राहते. ती गप्प का, हे मला कळेना. दिग्दर्शक म्हणाले, "आनंदाने." बायकोचं काम करणाऱ्या शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "आमचे हे मस्कतहून येतात ना, तेव्हा आधी परकेच वाटतात. आनंद मागाहून होतो." प्रयोगात त्यांनी दार उघडलं, पदर सावरला आणि पाहुण्याला वाट द्यावी तशा बाजूला झाल्या. सुट्टीवर आलेला त्यांचा नवरा पहिल्याच रांगेत होता. मी विंगेतून पाहिलं, त्याने मान खाली घातली होती. अजूनही नाटक बघताना मी मधूनच प्रेक्षकांचे चेहरे न्याहाळते.