चंपाबाईंची रिकामी खुर्ची

"मना न्हाय बसाचा त्या खुर्चीवं. शाल घेऊन मी करू काय? भाइंदरान थंडी परते कदी?"

"अहो मावशी, रीत असते. एकतीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून काम केलंत. निरोप नको?"

"मी काय परदेशान चालले? माजा पेनकरपारा ह्यो काय, खिडकीतशी दिसतंय."

मुख्याध्यापिका सुचेता मॅडमनी कपाळाला हात लावला. चंपाबाईंनी फडकं उचललं आणि त्यांचंच टेबल पुसायला घेतलं.

या शाळेत निवृत्तीच्या निरोपाचा थाट ठरलेला. सकाळच्या पाळीचे शेवटचे दोन तास वर्ग नाहीत, पोरं सभागृहात, समोर शाल-नारळ आणि भाषण, मग शिक्षकांना मसालेभात-जिलेबी. असे एकोणीस निरोप चंपाबाईंनी दारात उभं राहून ऐकले होते. खुर्च्या मांडायच्या त्यांनी, उचलायच्याही त्यांनीच. भाषण जितेंद्र सरांचं. ते कायम एकच, नाव तेवढं बदलायचं. 'शिस्तप्रिय, मनमिळाऊ आणि हसतमुख.' गणिताच्या ज्या सरांचे दात उभ्या शाळेनं पाहिले नव्हते, तेही हसतमुख होऊन घरी गेले.

पण भाषण हे काही खरं दुखणं नव्हतं. सत्कार घेणारा माणूस शाळा सुटेपर्यंत खुर्चीतून उठत नाही. म्हणजे शेवटच्या दिवशी सुटीचा टोल दुसरंच कुणी देणार. एकतीस वर्षांत चंपाबाईंनी हातोडी कुणाच्या हाती दिली नव्हती. सासरा गेल्याचा निरोप आला, तर टोल देऊन मग निघाल्या. पेणकरपाड्यात लोक अजून ते काढतात, आणि कौतुकानं काढत नाहीत.

जिलेबी बुडणार म्हटल्यावर शिकलेली माणसंही कडू होतात. रसिका बाईंनी चहाला हाक मारणं सोडलं. जितेंद्र सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशींना जरा भाव खायचा असेल."

सर याच शाळेत शिकलेले, हे ते विसरतात. चंपाबाई विसरत नाहीत.

"जित्या, तू कुंपनावरशी परलास, तवा तुजी चड्डी कोनी शिवली? तवा खाल्ला का मी भाव?"

सर वह्या तपासायला लागले.

"तुमी खावा नं जिलेबी. मी कुनाचा हात धरलाय?" चंपाबाई म्हणाल्या. पण निरोपाशिवाय निरोपाची जिलेबी खावी कशी, हे कुणालाच उमजेना.

मॅडमनी बेत रद्द केला नाही. दिवस उजाडला की बाई विरघळेल, असा त्यांचा हिशेब. दिवस उजाडला. चंपाबाईंनी खुर्च्या मांडल्या, आपल्या वाटची मोठी खुर्चीसुद्धा झटकून मधोमध ठेवली, आणि जाऊन दारात उभ्या राहिल्या. माईकवरून तीनदा नाव पुकारलं. त्या दारातूनच हात जोडायच्या, हसायच्या, जागच्या हलायच्या नाहीत. शेवटी हार रिकाम्या खुर्चीच्या पाठीला अडकवला. ते थेट वर्षश्राद्धासारखं दिसायला लागलं, पण आता काढणार कोण?

जितेंद्र सर उठले. 'शिस्तप्रिय' म्हणाले, तशी दारातल्या चंपाबाईंच्या ओठांवरही 'शिस्तप्रिय' उमटलं. 'मनमिळाऊ' आलं आणि बारा पंचवीस झाले. दारात चंपाबाई नव्हत्या.

मग टोल पडला. सुटीचा टोल ऐकून बसून राहील, असं पोर अजून जन्मायचंय. सगळं सभागृह एकदम उठलं, आणि सरांचं 'हसतमुख' बुटांच्या दणदणाटात गेलं. सुटीला रोज आठ टोल पडतात. त्या दिवशी दहा-बारा पडले, असं रसिका बाई सांगतात. चंपाबाई म्हणतात, आठच.

शिक्षक मुकाट्यानं मसालेभाताकडं वळले. निरोपाशिवाय जिलेबी खावी कशी, ही अडचण आता कुणाला आठवली नाही. सुचेता मॅडम तेवढ्या शाल घेऊन व्हरांड्यात आल्या.

"आता तरी घ्या, मावशी. झाला ना तुमचा टोल?"

चंपाबाईंनी हातोडी खुंटीला अडकवली, दोरी सरळ केली.

"ठेव बाय त्या खिडकीन. माजं हात मललेलं हान. दुपारची पोरा येतीन आता, खुर्च्या कोन उचलनार?"

सभागृहात जितेंद्र सर एकटेच भाषणाच्या कागदाची घडी घालत उभे होते. चंपाबाईंनी खुर्चीवरचा हार काढून त्यांच्या हातात दिला, "धर जरा," म्हणाल्या, आणि कडेच्या रांगेपासून खुर्च्या एकात एक घालायला लागल्या.