वाळवंटात गेलेलं जोडपं आणि माझी रजा

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ तपास केले. त्यातला एक आठवला की अजूनही हसू येतं. त्या वेळी माझ्या अंगावर वर्दी नव्हती, हद्द माझी नव्हती आणि देशसुद्धा माझा नव्हता.

मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मुलगी आणि जावई रियाधला राहत होते. जावई एका बँकेत संगणकाचं काम बघायचा. बऱ्याच वर्षांनी मला सलग रजा मिळाली, परदेशी जाण्याची परवानगीही आली आणि सौ.ला घेऊन मी रियाधला पोहोचलो. चौथ्याच दिवशी सकाळी ठाण्यातून फोन आला. ठाणे अंमलदार बोलत होता.

"साहेब, रजेत त्रास देतोय. तुम्ही रियाधलाच आहात ना?"

"आहे. काय झालं?"

आपल्या हद्दीतल्या एका गावची म्हातारी काल ठाण्यात आली होती. मुलगा बारा वर्षं रियाधला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. सून तीन महिन्यांपूर्वी व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे गेली होती. पाच दिवस दोघांचेही फोन बंद होते. गावात कोणी म्हणे तुरुंगात आहेत, कोणी म्हणे अपघात झाला. म्हातारीला साखरेचा विकार, आणि तिने जेवण सोडलं होतं. अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवायचा होता.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हणालो. कागद एकदा वर गेला की परत बोलावता येत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं.

त्याच दुपारी जावई मला आणि सौ.ला घेऊन बथा भागात आला. म्हातारीचा मुलगा कामाला होता त्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. त्या वर्षी हुकूम निघाला होता, मोबाईलच्या दुकानात यापुढे फक्त सौदी माणसंच काम करतील. आपली शेकडो माणसं बसल्या जागी बेकार झाली होती. दुकानात आवराआवर करणारा एक सहकारी भेटला, मूळचा रत्नागिरीकडचा. तो या जोडप्याच्याच मजल्यावर राहायचा आणि त्यांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे होती.

मी त्या मुलाचं नाव सांगितलं, अजून काही विचारलंही नव्हतं, तोच तो म्हणाला, "मला काहीच माहीत नाही, साहेब."

प्रश्नाच्या आधी उत्तर देणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं. पण इथे त्याला दरडावण्याचा मला काडीचा अधिकार नव्हता. मी म्हटलं, "बरं, खोली तरी दाखव."

खोली स्वच्छ होती. भिंतीशी दोन मोठ्या बॅगा दोरीने आवळून, वर गावाचा पत्ता लिहून ठेवलेल्या. मी कपाट पाहिलं, कागद पाहिले, खिडकी पाहिली. सौ. सरळ स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या.

"अहो, हे पळून गेलेले नाहीत. छोटी शेगडी नाही, चहाचं भांडं नाही, मसाल्याचा डबाही नाही. जीव घेऊन पळणारा माणूस मसाल्याचा डबा नेतो का? ही माणसं सहलीला गेलीत."

सहकाऱ्याला हसू आवरेना. मग तो खाली बसला आणि सांगू लागला.

"कोणाला सांगू नकोस म्हणून त्याने शपथ घातली होती, साहेब. येत्या रविवारी त्याचं विमान आहे, कायमचं. फायनल एक्झिटचा शिक्का बसलाय. म्हणाला, बारा वर्षांत दुकान, खोली आणि विमानतळ याशिवाय मी काय पाहिलं? बायकोला काय दाखवलं? कफीलला ते समजलं. त्याने स्वतःची जुनी पांढरी गाडी दिली आणि म्हणाला, यल्ला, फिरून या."

कफील म्हणजे त्याचा जामीनदार मालक. "मग फोन का बंद?" मी विचारलं.

"घरी अजून सांगितलेलं नाही. फोन लागला की अम्मी विचारणार, काम कसं चाललंय? आईशी खोटं बोलवत नाही त्याला."

आता घाई करणं भाग होतं. अर्ज वर गेला असता तर दूतावास, तिथले पोलीस, कफीलची चौकशी, आणि रविवारचं विमान हातचं गेलं असतं. ते कुठे गेलेत, हे सहकाऱ्याने सांगितलं. आधी बुरैदा, मग हाइलच्या वाटेवरचं मातीच्या घरांचं एक ओसाड गाव. बायकोने त्या गावाचा फोटो पाहिला होता आणि तिला तिथे मुक्काम करायचा होता.

दुसऱ्या दिवशी जावयाने सुट्टी टाकली आणि उजाडताच आम्ही निघालो. सौ.नी पोळ्या आणि लोणचं बरोबर घेतलं होतं. "तुमच्या तपासात मी कधी आले नव्हते," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेर तांबडी वाळू, मध्येच उंटांचा कळप दिसला, की त्या काच खाली करायला लावत.

बुरैदाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर एका केरळी माणसाला मी पांढऱ्या गाडीतल्या जोडप्याबद्दल विचारलं. तो हसला. "हां साब, वो मॅडम अंदर आके खुद चाय बनाया. बोला, अदरक ऐसे नहीं, कूट के डालो." चहा आता खरोखर चांगला झाला होता.

बुरैदात शिरल्यावर मोबाईलची दुकानं पाहून मी गाडी थांबवायला सांगितली. माणूस जिथे जातो तिथे आपल्या धंद्याच्या दुकानात डोकावतोच. तिसऱ्या दुकानात चाळिशीचा एक सौदी गृहस्थ होता. पूर्वी टॅक्सी चालवायचा, आता हुकुमामुळे या धंद्यात आलेला. जावयाच्या मोडक्या अरबीतून कळलं, की एक हिंदी मुअल्लिम, म्हणजे भारतीय मास्तर, काल इथे आला होता. या दुकानदाराला मोबाईलची स्क्रीन बदलता येत नव्हती. दोन तास बसून त्या मास्तराने शिकवलं आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. सांगताना दुकानदाराने छातीवर हात ठेवला आणि ओसाड गावाचा रस्ता कागदावर काढून दिला.

ज्या हुकुमाने याची नोकरी गेली, त्याच हुकुमाने आलेल्या माणसाला हा काम शिकवून गेला होता. मी जावयाकडे पाहिलं. तो गाडीकडे वळला.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही त्या गावात पोहोचलो. गावकरी केव्हाच पलीकडच्या नव्या घरांत राहायला गेलेले. अरुंद बोळ, पडक्या माड्या, लाकडी दारांवर जुनी नक्षी, आणि माणूस एकही नाही. पांढरी गाडी वेशीपाशी उभी होती. मी हाका मारल्या. भिंतींनी त्या गिळून टाकल्या.

"थांबा," सौ. म्हणाल्या. त्यांनी नाक वर केलं. "सोडे परततंय कोणीतरी."

सौदीच्या वाळवंटात, ओसाड गावात, कोकणातल्या सुक्या कोळंबीचा वास! आम्ही त्या वासामागे दोन बोळ ओलांडले. एका चौकात चटई अंथरलेली, शेगडीवर भात, आणि नवरा-बायको कशावर तरी खदखदून हसत होती. आम्हाला पाहून तो उभा राहिला. मी ठाण्याचं नाव घेतलं आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, पोलीस? इथे?"

"रजेवर आहे, घाबरू नकोस. तुझ्या आईने जेवण सोडलंय. आधी तिच्याशी बोल."

मी माझा फोन लावून दिला. "अम्मी," तो म्हणाला आणि त्याने एका दमात सांगून टाकलं, "माझी नोकरी गेली, अम्मी. मी परत येतोय."

पलीकडून म्हातारीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "ता मना महिनाभर ठावं हाय! गावात चार घरांचे पोर परत आले. मी नोकरी विचाराला फोन करतंय काय? तू बरा हायस का, ता बघाला करतंय!"

तो चटईवर बसून लहान मुलासारखा रडला. त्याच्या बायकोने फोन घेतला आणि सासूला आधी जेवायला बसवलं. मी ठाण्यात कळवलं: दोघे सुखरूप, अर्ज निकाली काढावा. मग जेवायला आम्ही पाचच होतो, पण भात सहाजणांना पुरेल एवढा होता, आणि तो आम्ही संपवला.

ते दोघे तिथून हाइल पाहायला गेले आणि रविवारी वेळेवर विमानात बसले. पुढे त्याने तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं दुकान टाकलं.

हरवलेला माणूस कायद्यालाच घाबरतो असं मी तोवर धरून चालत होतो. त्या रजेत कळलं, की पुष्कळदा तो एका माणसाच्या एका प्रश्नाला घाबरून लपलेला असतो. त्यानंतर बेपत्ता माणसाची तक्रार आली, की वय, उंची, वर्ण लिहून झाल्यावर मी लेखणी खाली ठेवायचो आणि नातेवाइकांना विचारायचो, "तो आत्ता समोर आला, तर तुम्ही त्याला पहिलं काय विचाराल?" शोध कुठून सुरू करायचा, हे मला बहुतेक वेळा त्या उत्तरातच समजायचं.